चवीपुरतं मीठ, शके १०५१

उपवासाच्या ताटाइतकं परदेशी ताट महाराष्ट्रात दुसरं सापडणार नाही. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला, मिरची मेक्सिकोकडची, रताळं अमेरिकेतलं. ज्याचा लाडू आपण शुद्ध सात्त्विक म्हणून देवापुढे ठेवतो तो राजगिराही तिकडचाच. १४९२ साली कोलंबस वाट चुकला नसता, तर आषाढी एकादशीला अख्ख्या महाराष्ट्राला वरीचे तांदूळ आणि दही यांवर दिवस काढावा लागला असता. म्हणजे खरोखरच उपवास करावा लागला असता.

हे मी घरात मोठ्याने बोलले, आणि तेही एकादशीच्या दिवशी. सासूबाईंनी हातातला खिचडीचा चमचा खाली ठेवला नाही. "आमच्याकडे पूर्वापार साबुदाणाच चालतो," एवढंच म्हणाल्या आणि दाण्याचं कूट जरा कमी पडल्याची नोंद केली. पूर्वापार म्हणजे केव्हापासून, याची मी आडवळणाने चौकशी केली. उत्तर निघालं १९६४. त्या साली त्या लग्न होऊन या घरात आल्या. तेव्हापासून माझं मत झालंय की कुठल्याही घराची परंपरा त्या घरातल्या सर्वांत वडील बाईच्या लग्नापासून सुरू होते. त्याच्या आधी अंधारयुग.

हॉटेलांचंही तेच. 'अस्सल पारंपरिक मराठमोळं जेवण' अशी पाटी असते, दारात बैलगाडीचं चाक टांगलेलं असतं, वाढपी फेटा बांधून हिंडत असतो, आणि ताटात टोमॅटोचं सार, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. फेटा तेवढा जुना. मग मला वाटायला लागलं की खरंच जुनं, म्हणजे पोर्तुगीजांनी कालिकतला नांगर टाकण्याच्या आधीचं, एक जेवण आपण का करू नये? इथे लोक किल्ले चढतात, मोडी शिकतात, दांडपट्टा फिरवतात. मी स्वयंपाक करीन.

सुरुवात वजाबाकीने झाली. मिसळणाचा डबा उघडला तर त्यातून फक्त लाल तिखटाची वाटी उचलावी लागली. मोहरी, जिरं, हळद, हिंग, मेथ्या, धने सगळे जागच्या जागी. मला हे फारच सोपं वाटलं. मग भाजीची टोपली पुढे ओढली. बटाटा गेला. टोमॅटो गेला. सिमला मिरची, फरसबी, मका, लाल भोपळा गेले. फ्लॉवर आणि कोबी गोऱ्या साहेबांच्या मागोमाग आलेले, तेही गेले. फळांतून पपई, पेरू, सीताफळ, चिकू, अननस उठले. काजू गेला, आणि त्याच्याबरोबर निम्मी ग्रेव्ही गेली. उरलं काय? वांगं, दुधी, कारलं, पडवळ, दोडका, कोहळा, सुरण, मुळा, अळू. ही यादी फळ्यावर लिहून कुठल्याही शाळेतल्या मुलांना दाखवा. न आवडणाऱ्या भाज्या म्हणून ती मुलं हीच यादी करतील. मध्ययुगात मुलं जेवत कशी होती, यावर कोणी प्रबंध लिहिलेला नाही.

आता काय काढायचं ते कळलं; काय करायचं ते कळेना. त्यासाठी ग्रंथ हवा. आणि ग्रंथ आहे, तोही चांगला राजाच्या हातचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा. त्याचा 'मानसोल्लास' शके १०५१ मधला, म्हणजे इसवी सन ११२९-३०. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने उमरग्याच्या पुढे गेलं की कर्नाटकात लागतं. त्यामुळे हा राजा तसा आपल्या शेजारचाच. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, हेही त्याने लिहून ठेवलंय. स्वयंपाकघराच्या इतकं जवळ कान लावून बसणारा राजा विरळाच.

या ग्रंथाची मांडणीच मला फार आवडली. वीस-वीस प्रकरणांचे पाच भाग. पहिल्यात राज्य मिळवावं कसं, दुसऱ्यात टिकवावं कसं. एवढं उरकल्यावर उरलेले तीनही भाग उपभोग, विनोद आणि क्रीडा यांना. हत्ती, घोडे, छत्र्या, अत्तरं, कोंबड्यांच्या झुंजी, मासे गळाला लावण्याची तंत्रं, आणि अन्नभोग. पंधरा-वीस वर्षं नोकरी करून, घराचे हप्ते फेडून, मग मनासारखं जगायचं असं ठरवणाऱ्या प्रत्येक माणसाचा हाच आराखडा असतो. राजाला तो पार पाडता आला, इतकाच फरक. त्याच्यानंतर पंचवीस वर्षंही लोटली नाहीत तोच कलचुरी बिज्जळाने कल्याणी घेतली. पण तोपर्यंत जेवणं झाली होती.

बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादून काढला. पहिला खंड १९२५ साली, दुसरा १९३९ साली, तिसरा १९६१ साली. म्हणजे राजाने जितक्या दिवसांत राज्य केलं, त्याच्या तिप्पट वेळ तो छापायला लागला. अन्नभोग दुसऱ्या खंडात आहे, आणि हा दुसरा खंड ज्या ग्रंथालयात मिळाला तिथे तो राजनीतीच्या कपाटात उभा होता. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्याकडे, पुस्तकाकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "परीक्षेला बसताय?" मी म्हटलं, "नाही, पाहुणे यायचेत." त्यांनी शिक्का मारला. पुस्तकात हत्तींची पानं इतकी कोरी करकरीत की त्यांना वाराही लागला नसावा. अन्नभोगाच्या पानांचे कोपरे मात्र दुमडून दुमडून मऊ झालेले. माझ्या आधी कोणीतरी भुकेला माणूस इथे बसून गेला होता.

अन्नभोगात शिरलं की आधी भाताचा थाट. रक्तशाली, महाशाली, गंधशाली, कलिंगक, मुंडशाली, स्थूलशाली, सूक्ष्मशाली, षष्टिक. आठ जातींचा तांदूळ, आणि शिजवण्याची रीत पेज गाळायची. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात हयात गेलेल्या माणसाला हे वाचताना एकदम निवांत वाटतं. पुढे पुऱ्या आहेत, वडे आहेत, मांडे आहेत, डाळीच्या पिठाचं 'धोसक' आहे, फडक्यात बांधून गाळलेल्या दह्याची साखर घातलेली शिखरिणी आहे. आपला श्रीखंडाचा डबा तेव्हा राजाच्या पंक्तीला होता. उडदाची 'इडरिका' आहे. तिच्यात तांदूळ नावालाही नाही आणि वरून मिरपूड, हिंग, जिरं नि तूप. इडली मूळची कोणाची या विषयावर दक्षिणेतले लोक जेव्हा हमरीतुमरीवर येतात, तेव्हा मी हा बाराव्या शतकातला दाखला हळूच पुढे सरकवते आणि मागे होते.

सगळं आहे, फक्त प्रमाण नाही. किती डाळ, किती पाणी, किती वेळ, यांचा पत्ता नाही. सैंधव घालावं. किती? हिंगाचं पाणी शिंपडावं. किती? राजा माणूस, त्याने आयुष्यात पळी हातात धरली नसणार. तो मुदपाकखान्यात उभा राहिला असेल, आचाऱ्याने सांगितलं ते लेखनिकाने टिपलं असेल, आणि ते संस्कृत श्लोकात बसवताना मापं गळून पडली असतील. अनुष्टुभात आठ अक्षरांचा चरण. त्यात 'पाऊण वाटी, सपाट' कुठे कोंबणार? ही भाषा मला ओळखीची वाटली, कारण माझी आई फोनवर पाककृती सांगायची ती अशीच. तिचं "अंदाजाने घाल गं" आणि राजाचं मौन यांत मला काडीचाही फरक दिसला नाही. कर्ष, पल, कुडव, प्रस्थ, आढक, द्रोण अशी चारचारच्या पटीतली देखणी मापं आपल्याकडे होती. वैद्यांनी ती इमानाने वापरली. स्वयंपाक्यांनी त्यांना कायम लांबूनच नमस्कार केला.

काट्यावर तोलणारा माणूस पाहिजे असेल तर साडेचारशे वर्षं पुढे, अकबराच्या दरबारात जावं लागतं. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त खिचडीचं प्रमाण दिलंय ते असं: तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर, तूप पाच शेर, मीठ एकतृतीयांश शेर, यात सात ताटं होतात. तूप पाच शेर हे मी दोनदा वाचलं. म्हणजे ताटामागे पाऊण शेराच्या आसपास तूप. हे प्रमाण मी आमच्या यांना वाचून दाखवलं. यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सात ताटांना सात माणसं नसतील गं बसत." असतील किंवा नसतील. पण हिशेबनीस माणसाने लिहिलेली पाककृती अशी असते. करून बघता येते, खाता येत नाही. याच 'ऐन'मध्ये मिरची अजून शिरलेली नाही, मिरीच आहे. अननस मात्र येऊन बसलाय. पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरून तो मिरचीच्या आधी बादशहाच्या दारात पोचला. आपल्याकडे ओळख लागते ती काही आजची गोष्ट नाही.

आणि मध्ये कुठेतरी मांडूचा गियासशहा. माळव्याचा हा सुलतान राज्यकारभार पोराच्या हाती सोपवून ऐषारामाला लागला आणि त्याने 'निअमतनामा' लिहवून घेतला. पंधराव्या शतकाच्या शेवटची नि सोळाव्याच्या सुरुवातीची चित्रं घातलेली ही पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. २००५ साली नोरा टिटली यांनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं. चित्रांत पीळदार मिशांचा सुलतान बसलेला, भोवती बायका चुलीपाशी, ढवळताहेत, तळताहेत, वाढताहेत. त्याच्या हातात कधीही झारा नाही. समोसे आहेत, पण बटाट्याच्या पाच-सहा पिढ्या आधीचे. आणि दर दोन ओळींनी कस्तुरी, कापूर, अंबर, गुलाबपाणी. सरबतात, भातात, विड्यात, समोशात. हे वाचताना जिभेवर चव येत नाही, अत्तराच्या दुकानात उभं राहिल्यासारखं होतं.

सामान शोधायला मी रविवार पेठेत गेले आणि तिथे मला एक मोठाच उलगडा झाला. मध्ययुगीन स्वयंपाकाचं सामान दुर्मीळ बिर्मीळ काही नाही. ते सगळं पुण्यात आहे, ताजं आहे, वाजवी भावात आहे. फक्त ते किराणा दुकानातून उठून काष्ठौषधीच्या दुकानात राहायला गेलंय. ज्या पिंपळीसाठी एकेकाळी रोमपासून व्यापारी जहाजं येत, ती आता गुळवेल आणि अडुळशाच्या शेजारी पत्र्याच्या डब्यात पडलेली असते. विलायतेत दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास जे पाकपुस्तक तयार केलं, त्यातल्या पाककृती करून बघणारे हौशी लोक आज ही पिंपळी शोधत फिरतात म्हणे. त्यांनी खुशाल रविवार पेठेत यावं. पार्किंग मिळालं की काम झालं.

"पिंपळी अर्धा किलो," मी म्हटलं.

दुकानदार चष्म्यावरून बघायला लागले. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती, पाच-दहा ग्रॅमच्या बेताने दुमडलेली.

"खोकला कुणाला आहे?"

"कुणाला नाही. स्वयंपाकात घालायचीय."

"ताई, अर्ध्या किलोत घोड्याचा खोकला जाईल. घरात माणसं किती?"

शेवटी त्यांनी दिली. पण देताना मधातून, चिमूटभर, जेवणानंतर, आणि उष्ण प्रकृती असेल तर जपून, असं चारदा बजावलं. मिरी, सुंठ, नागकेशर, डाळिंबाचे वाळवलेले दाणे, सैंधवाचे गुलाबी खडे अशी यादी पुढे सरकली तसतसे ते काळजीत पडत गेले. माझ्या यादीवरून त्यांनी मनातल्या मनात एक रोगी उभा केला होता, आणि तो फार दिवस काढील असं त्यांना वाटत नव्हतं. "वैद्यांना दाखवलंय ना?" निघताना त्यांनी विचारलं. राजाच्या पंगतीचा मसाला आज आपण आजाऱ्याला देतो. तिखट म्हणून जे काम मिरी, पिंपळी आणि सुंठ तिघं मिळून शतकानुशतकं करत होती, ते एकट्या मिरचीने पटकावलं. स्वस्त, परसात उगवणारी, रंगाला झकास. मग हे तिघं निवृत्त होऊन काढ्याला लागले.

कापराचं प्रकरण जरा जपून. देवापुढे जाळतो तो कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात होतो. तो सुलतानाच्या सरबतात घातला तर सरबत शेवटचं ठरेल. मी कापूर वगळला. कस्तुरी वगळायला तर मला विचारसुद्धा करावा लागला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मध्ये उभा आहे. मध्ययुगीन स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आचाऱ्याच्या आधी वकील लागतो, हे मला तेव्हा कळलं. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात हरणाचं मांस आहे: तुरुंग. भाजलेलं कासव आहे: तुरुंग. रानडुक्कर ताडपत्रासारख्या पातळ पट्ट्या कापून वाढलेलं आहे: आधी परवानगी, मग बहुतेक तुरुंग. गियासशहाचा अंबर म्हणजे देवमाशाच्या पोटातून निघणारा पदार्थ. कोकणच्या किनाऱ्यावर तो मधूनमधून लागतो आणि त्याच्या मागोमाग पोलीसही येतात, वर्तमानपत्रात फोटोसकट.

या सगळ्यातून कायद्याच्या तावडीतून सुटलेला एकच प्राणी मला 'मानसोल्लासा'त सापडला. उंदीर. नदीकाठच्या शेतातला, गुबगुबीत, काळा. गरम तेलात घालून त्याचे केस काढायचे आणि मग शिजवायचा, असं राजाने अगदी चवीने सांगितलंय. १९७२ च्या मूळ कायद्यात उंदराची गणती उपद्रवी प्राण्यांत होती, म्हणजे मारायला मोकळीक. सामान मुबलक, फुकट, आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच उपलब्ध. ऐतिहासिक अचूकतेचा आग्रह धरणाऱ्या माणसाला याहून सोपी पाककृती नाही. मी हा मुद्दा जेवणाच्या टेबलावर मांडला. त्या दिवशी भाजीला हात कोणी लावला नाही, आणि ती निव्वळ दोडक्याची होती.

राहिली भांडी. मांड्यांचं वर्णन सोमेश्वराने मन लावून केलंय: गहू धुवायचे, उन्हात वाळवायचे, दळायचे, चाळायचे, तुपामिठात मळायचे, हातावर पसरत पसरत मोठे करायचे आणि तापल्या खापरावर टाकायचे. गव्हाची अडचण नाही. सांगली-कोल्हापूरकडचा खपली गहू मिळतो, आणि तो लोकवनपेक्षा कितीतरी जुना. सपीट काढायचं तर पीठ वस्त्रगाळ करावं लागतं, तेही जुन्या मऊ धोतराच्या फडक्यातून. पण आमच्याकडे शेवटचं धोतर आजेसासऱ्यांबरोबर गेलं. मी ओढणी वापरली. खरी गोम खापराची. मांड्याच्या खापरावाचून अडणारी मी काही पहिली नाही. मुक्ताबाईला मांडे करायचे होते आणि विसोबा खेचराने कुंभारांना खापर देऊ नका म्हणून सांगितलं, मग ज्ञानेश्वरांनी पाठ तापवून दिली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती भक्तिभावाने ऐकल्यामुळे तिच्यातला व्यवहार आपल्या ध्यानात येत नाही: तेराव्या शतकातसुद्धा योग्य भांडं मिळवणं हीच मांडे करणाराची मुख्य डोकेदुखी होती. आमच्या यांची पाठ कधीची आखडलेली आहे, तो मार्ग बंद. कसब्यातल्या कुंभारवाड्यात चौकशी केली तर त्यांनी मला दिवाळीच्या पणत्या, कुंडी आणि एक वारली चित्राचा माठ दाखवला. शेवटी कढई उपडी घातली. बेळगावात मांडे करणाऱ्या बायका लाकडांच्या जाळावर उपडं भांडंच वापरतात. त्यांच्या दोन हातांवर तो कणकेचा गोळा झुलत झुलत चादरीएवढा होतो आणि फाटत नाही. माझा फाटला. पाहुण्यांना मी तो तुकड्यातच वाढला. सोमेश्वराने त्याबद्दल काहीही निषेध नोंदवलेला नाही.

सासूबाईंनी हे सगळं दाराच्या चौकटीत उभं राहून पाहिलं. माझ्याकडे छापील पुरावा होता, त्यांच्याकडे नजर. इडरिकेचं आंबवलेलं उडदाचं पीठ त्यांनी एका बोटाने उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे अजून तासभर ठेव. फुगायचंय." श्लोकांत तासाचा उल्लेख नव्हता. तासाभराने ते फुगलं. मग वरून घालायचं हिंग-जिऱ्याचं तूप, तुपात हिंग पडल्याबरोबर धूर वर गेला आणि त्या पांढऱ्या गोळ्यांवर उतरला, तेव्हा घरात असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी फोन करून विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "बारावं शतक." त्या म्हणाल्या, "कुणाच्या वर्षश्राद्धाचं का?"

या प्रांतात पूर्वी मोठी माणसं वावरून गेली आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी हस्तलिखितांच्या ढिगाऱ्यात बसून जिलबीचा इतिहास शोधला, आणि घोड्यांना हरभरा केव्हापासून घालतात यावर स्वतंत्र निबंध लिहिला. माणसाच्या पोटापाण्याचा इतिहास शोधणारे बरेच. घोड्याच्या खुराकाचा शोधणारा एकच. अशा माणसाकडे बघितलं की आपण आठ जातींच्या तांदळात वेळ घालवतोय याची लाज वाटेनाशी होते. जिलबीचा तर त्यांनी पंधराव्या शतकातल्या एका जैन कथेपर्यंत माग काढला. म्हणजे माझ्या पंगतीत जिलबी चालणार होती, कागदपत्रांसकट. पण ती मी विकत आणली. मध्ययुगातसुद्धा ती कोणी घरी करत असेल असं मला वाटत नाही.

पंगतीला वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर काका आणि काकू, माझी बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन मुलं. सोमेश्वराच्या रीतीप्रमाणे आधी भात, मुगाचं वरण आणि तूप. इथे कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. नऊशे वर्षांत या पहिल्या घासाला धक्का लावायची हिंमत कोणी केलेली नाही. सुरणाला चिंच आणि मिरी. वांग्याला हिंग, सुंठ आणि पिंपळी, भरपूर पिंपळी. इडरिका. तुकड्यांतले मांडे. काका पहिल्या घासाला म्हणाले "वा," दुसऱ्याला काही नाही, तिसऱ्याला त्यांनी खिशातून रुमाल काढला. मिरचीचा तिखटपणा तोंडावर येऊन आदळतो आणि निघून जातो. पिंपळीचा मागून येतो, नाकातून वर चढतो आणि कानामागे घर करून राहतो. "झणझणीत नाही," मेहुणे विचारपूर्वक म्हणाले, "पण सोडतही नाही." मुलं मुकाट्याने मांडे खात होती. मांडे गोड होते. त्यांचा धाकटा मध्येच हळूच म्हणाला, "मावशी, सॉस आहे का?" सॉस म्हणजे टोमॅटो. मी नाही म्हटलं. सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. "लेकरू आहे ते," म्हणाल्या. "त्याला काय करायचीयत शतकं?"

शिखरिणी संपली. ताकभात झाला, सैंधव घालून, राजाने सांगितला तसा शेवटी. काकांनी ताट सारखं केलं, पाटावरून गुडघा धरून उठले, सोफ्यावर बसले, पोटावरून हात फिरवला आणि समाधानाने म्हणाले, "फारच छान. अगदी जुन्या काळात नेलंत. आता चहा टाका."

चहा. ज्याचं नावही कल्याणीच्या दरबारात कोणी ऐकलेलं नव्हतं. मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात कुठल्याही काळाचा प्रश्न नव्हता. मी आधण ठेवलं. आलं संपलेलं होतं. पिंपळी मात्र अर्ध्या किलोतली बरीच उरली होती, ती ठेचून घातली. कप हातात घेऊन काकूंनी एक घोट घेतला, थांबल्या, आणि काळजीने आमच्या यांच्याकडे वळल्या.

"खोकला झालाय का हो तुम्हाला?"